राबावरची चार बोटं माती

पासली, ता. २३ एप्रिल २०२४

सोमेश्वर,

आशीर्वाद घ्यायला तू येत न्हाईस, म्हणून पोस्टानं पाठवते. मोबाईल तू उचलत न्हाईस. घंटी वाजून वाजून थकती अन् मग ती बाई बोलती. त्या बाईशी माझं काय काम न्हाई. रत्ना, पाकीट तुझ्या हातात पडलं तर तूच फोड अन् मोठ्यानं वाच. नवऱ्याला तोंड फिरवू दे. कान कुठं फिरवील?

अक्षर माझंच हाय. तिसरीत शाळा सुटलेल्या बाईचं हाय, तवा नाक मुरडू नको.

कामाचं सांगते. तुझ्या लेकीची नोकरी पक्की व्हायची येळ आलीय. धनश्री दोन वर्सं झाली मिशनच्या कॉलेजात फिजिक्स शिकवती, नसरापूरच्या पल्याड. आता एम. एस्सी.च्या पोरांना बी शिकवती. जुलैत विद्यापीठाची माणसं येणार. तिनं त्यांच्यापुढं एक तास शिकवून दाखवायचा. पटलं तर पक्की, न्हाई पटलं तर घरी. त्या तासाला घरच्यांना वर्गात बसता येतं. मला तिनं बोलावलंय. तुला बोलवायची तिची छाती न्हाई. माझी हाय. तू यायचंस.

दोन वर्सं तू पोरीशी बोलला न्हाईस. भोरकडचे पाहुणे तिला बघायला आले, तू वाशीहून त्यांच्याबरोबर आलास, अन् पोरगी घरात न्हाई. ती त्याच दिवशी कॉलेजात मुलाखतीला. पाहुण्यांनी पोहे खाल्ले अन् गेले. तुझी मान खाली गेली. व्हय, गेली. त्याचं पुन्हा कधीतरी. आज न्हाई.

वर तुझं दुसरं दुखणं, की पोरगी मिशनच्या कॉलेजात गेली म्हंजे बाटली. अरे, सकाळी दहा मिनिटं प्रार्थना असती. त्यांची त्यांनी करायची. ही हात जोडून उभी राहती अन् मनात आपल्या मेंगाईदेवीचं नाव घेती. तिला कुणी विचारत न्हाई, तू बी विचारू नको.

अजून एक. औंदा आपल्या राबावर तिची पोरं प्रयोग करणार हायत. भाताचं रोप टाकायच्या आधी आपण जमीन भाजतो, शेण, टहाळं, गवत अंथरतो अन् वर माती पसरून पेटवतो, तर त्या आगीची ऊब मातीत किती खोल जाती ते मोजायचं. तिच्या तासाचा विषय हाच. मला म्हणाली, "आजी, अर्ध्या राबावर तुझी दोन बोटं माती टाकू, अर्ध्यावर बाबांची चार बोटं."

ते चार बोटांचं खूळ तिच्या डोक्यात कुणी घातलं ते मला ठाऊक हाय. इसाव्या वर्षी तू राबावर चार बोटं माती टाकलीस अन् म्या सगळ्या भावकीपुढं ती पायानं खाली लोटली. "आग पुरायची हाय का मढं," असं म्हणाले. लोक हसले. तू त्यानंतर राबाला हात लावला न्हाईस, वाशीला जाऊन माथाडी झालास.

म्या पोरीला म्हणाले, टाक चार बोटं. तुझ्या बापाचं खूळ एकदाचं मशिनीनं मोजून जाऊ दे.

तुझी आई,
बनाबाई


पासली, ता. ९ मे २०२४

सोमेश्वर,

मतदानाला बी आला न्हाईस. पण शेजारच्या बांधावरल्या पप्पूनं पाठवलेला फोटो तुझ्या मोबाईलात आला, हे रत्नानं सांगितलं. "धनश्रीनं आज्याच्या राबात क्रूस रोवले" असं त्यानं खाली लिहिलं व्हतं म्हणं. अन् तू त्यावर कॉलेजच्या प्रिन्सिपलना तक्रार लिहायला बसला व्हतास. थांब. पेन ठेव. आधी हे वाच.

झालं असं. सोमवारी तिची नऊ पोरंपोरी टेम्पोतून आली. बरोबर बारा लोखंडी सळया. सळईच्या टोकाला ऊब मोजायचं यंत्र, ते मातीत जातं. वरच्या अंगाला आडवी पट्टी, तिच्यावर नंबर. कुठल्या सळईनं किती ऊब सांगितली ते कळायला. सहा सळया माझ्या दोन बोटांत, सहा तुझ्या चार बोटांत. मग दुपारी राब पेटवला. आता उभ्या सळईला आडवी पट्टी बांधली की लांबून काय दिसणार? मला बी तसंच दिसलं. पण म्या जवळ जाऊन बघितलं. पप्पू रस्त्यावरनं, मोटरसायकलवरनं न उतरता, फोटो काढून गेला.

मंगळवारी मत टाकून आले तर राबाच्या बांधावर वीसेक माणसं. पप्पू पुढं. पन्नाशीला आला तरी त्याचं पुढं पुढं करायचं गेलं न्हाई.

"काकू, हे चालायचं न्हाई," म्हणाला. "आज राबात, उद्या देवळात."

"काय राबात?"

"क्रूस."

"किती हायत?"

"बारा. म्या मोजले."

"मोजलेस ना? मग वाच बी."

म्या एक सळई उपटली अन् त्याच्या हातात दिली. तुझ्या बाजूचा राब अजून धुमसत व्हता, सळई गरम. त्यानं ती टाकली अन् हात मांडीला पुसला.

"काय लिहिलंय?" म्या म्हणाले.

"सात."

"सात नंबरचा देव कुठला रे पप्पू? मला तर ठाऊक न्हाई. तू मोठा धर्माचा, तूच सांग."

मागची माणसं हसायला लागली. बनपुरीचा एक म्हातारा तर खालीच बसला. तरी पप्पू हटेना. म्हणाला, "मग आडवं कशाला लावलं?"

तवा त्या नऊ जणांतली एक पोरगी पुढं आली. सोनिया नावाची, भोरची, लाजाळू. ती म्हणाली, "काका, नंबर उभा लिहिला की मान वाकडी करून वाचावा लागतो."

बस. एवढंच. पप्पूनं सळई परत रोवून दिली, ती बी वाकडी. म्या म्हणाले, सरळ रोव, न्हाई तर तुझ्या नंबराची ऊब चुकंल. त्यानं सरळ रोवली.

आता तक्रार लिहायची असंल तर लिही, पण त्यात हे सगळं लिही.

सगळ्यांत मोठं म्हंजे हे. धनश्री तितंच उभी व्हती. माणसं गेल्यावर वहीत सळयांचे आकडे उतरवत बसली. म्या विचारलं, "रडतीस का काय?" तर म्हणाली, "धूर आहे." धूर दुसऱ्या अंगाला चालला व्हता.

बनाबाई


पासली, ता. २० जून २०२४

सोमेश्वर,

तक्रार गेली न्हाई, रत्नानं कळवलं. बरं झालं.

पाऊस लागला. रोप टाकलं, उगवलं बी. राबाचं काय झालं म्हणून विचारू नको, अजून बघतेय.

कॉलेज बघून आले. पासलीहून सकाळची एसटी, वेल्ह्यात बदलली, मार्गासनीला एक म्हैस आडवी, असं करत नसरापूर. पुढं रिक्षा. टेकडीवर दगडी इमारत, मधे चाफा, दारावर क्रूस. बघ, खरा क्रूस असा असतो, त्याच्यावर नंबर नसतो.

सुलक्षणा मॅडम तिच्या वरच्या, फिजिक्सच्या मुख्य. नगरकडची बाई, पिढीजात ख्रिस्ती, पण बोलती आपल्यासारखी अन् भाकरी माझ्यापेक्षा पातळ थापती. मला म्हणाल्या, "आजी, तुमची नात वर्गात ओरडत नाही. तरी मागच्या बाकावरचा मोबाईल काढत नाही. मला सव्वीस वर्षांत जमलं नाही." म्या म्हणाले, घरात माझं ओरडणं ऐकून तिचं मन भरलंय.

तिचा तास बघितला. म्या मागं बसले. पोरांना तिनं काय सांगितलं म्हणशील तर, तव्यावरचा हात अन् चुलीपुढचा हात दोन्ही भाजतात पण येगयेगळ्या कारणानं. मग फळ्यावर लिहित गेली, लिहित गेली, फळा भरला, पुसला, परत भरला. मला एक अक्षर कळलं न्हाई. पण शेवटाला तिनं खडू ठेवला अन् म्हणाली, "म्हणून." अन् पोरं एकदम "आऽऽ" म्हणाली. उसाच्या रसाचा पहिला घोट घेतल्यावर माणूस म्हणतो तसं. तुझ्या माथाडीत असं कुणी म्हणतं का रे, पोतं उतरल्यावर?

तास ठरला. गुरुवार, ११ जुलै, सकाळी साडेदहा. कागदावर मोठ्या अक्षरात लिही अन् पंख्याखाली चिकटव.

बनाबाई


पासली, ता. ३ जुलै २०२४

सोमेश्वर,

रत्ना म्हणती, तू येत न्हाईस. म्हणतोस, "तिनं माझी मान खाली घालवली, मी तिचा तास बघायला कशाला जाऊ?"

मग आता ऐक. दोन गोष्टी हायत. सोपी आधी सांगते.

पोरीनं तुझी मान घालवली न्हाई. म्या घालवली. त्या पाहुण्यांच्या आठवड्यात तू मला फोन केलास, "आई, शुक्रवारी तिला घरी थांबव, पाहुणे येणार." म्या "व्हय" म्हणाले. अन् तिला सांगितलंच न्हाई. मुलाखतीचं पत्र तिच्या हातात तुझ्या फोनच्या आदल्या दिवशी आलं व्हतं, त्याच शुक्रवारचं. म्या तिला सकाळच्या एसटीत बसवली. चटणी-भाकरी दिली. ती बिचारी खिडकीतनं हात हलवत गेली. मग म्या घरी आले, पोहे भिजवले, अन् तुमची वाट बघत बसले.

स्थळ वाईट न्हवतं. मुलगा बी बरा दिसला, पोहे सांडले न्हाईत त्यानं. पण पाहुणे दुसऱ्या शुक्रवारी बी येतात. मुलाखत दुसऱ्या शुक्रवारी येत न्हाई. पुन्हा तशी येळ आली तर पुन्हा तेच करीन. माफी मागत न्हाई, सांगतेय.

ती संध्याकाळी परत आली तवा तिला कळलं. म्या म्हणाले, बापाला सांगते. तर म्हणाली, "नको आजी. तू लपवलंस म्हणालीस तर बाबा तुझं तोंड बघणार नाहीत. माझ्यावर राहू दे. माझ्यावरचा त्यांचा राग जाईल कधीतरी." दोन वर्सं तिनं तो राग वाहिला. कॉलेजात शिकली ती फिजिक्स, अन् हिशेब असा चुकीचा.

आता दुसरी गोष्ट. ही अवघड हाय. दोनदा पेन ठेवलं, चहा पिऊन आले.

राबात तू जिंकलास.

म्या जून महिनाभर बांधावर जाऊन बघितलं. माझ्या दोन बोटांच्या अर्ध्यात रोपाबरोबर तण उगवलं, असं की हात घालायला जागा न्हाई. तुझ्या चार बोटांच्या अर्ध्यात रोप काळंभोर अन् तण शोधावं लागतंय. मला वाटलं बी येगळं पडलं असंल. मग वाटलं, पप्पूनं काय केलं असंल. मग धनश्रीनं वही दाखवली. माझ्या बाजूला आग भडकली, दिसायला जोरात, पण वीतभर खाली माती कोमट. तुझ्या बाजूला ती दुसऱ्या दुपारपर्यंत धुमसत राहिली अन् ऊब खाली खाली उतरत गेली. वर जायला वाट मिळाली न्हाई की ती खाली जाती. म्हंजे तणाचं बी भाजलं. एवढंच. तू इसाव्या वर्षी हेच सांगत व्हतास अन् म्या पाय मारला.

तिचा सगळा तास ह्याच्यावर हाय. तुझ्यावर हाय. तुला यायचं तर ये, न्हाई तर विद्यापीठाची माणसं तुझं ऐकून जातील अन् तू वाशीत पोती मोजत बसशील.

बनाबाई


पासली, ता. १४ जुलै २०२४

सोमेश्वर,

तुला वाटलं, म्या बघितलं न्हाई.

म्या पहिल्या रांगेत बसले व्हते, सुलक्षणा मॅडमच्या शेजारी, नवं लुगडं नेसून. तास सुरू झाला अन् मागलं दार कुरकुरलं. माझ्या पोराचं पाऊल मला वळून बघावं लागत न्हाई. डावा पाय ओढत चालतोस, पोत्याखाली दबला तवापासनं. तू शेवटच्या बाकावर बसलास. एका पोरानं तुला सरकून जागा दिली.

विद्यापीठाचे तिघं, फळ्याच्या बाजूला खुर्च्यांवर. दोघं तरुण, अन् मधले एक टकले सर, त्यांचा चष्मा कपाळावर. धनश्रीनं सुरुवात केली. आवाज सुरुवातीला जरा हलला, मग सावरला. ते तू ऐकलंसच, परत सांगत न्हाई. पण तू मागं व्हतास, तवा तुला त्यांची तोंडं दिसली न्हाईत. मला दिसली. तिनं दोन बोटांची रेघ अन् चार बोटांची रेघ फळ्यावर काढली तवा त्या सरांनी चष्मा कपाळावरनं नाकावर घेतला. अन् परत वर नेला न्हाई.

ती म्हणाली, "चार बोटांचं हे म्हणणं माझ्या वडिलांचं आहे. त्यांनी वयाच्या विसाव्या वर्षी सांगितलं होतं. कोणी मोजलं नाही, म्हणून कोणी मानलं नाही." माझ्याकडं बघितलं न्हाई तिनं. बघितलं असतं तर म्या मान खाली घातली न्हसती, पण बघितलं न्हाई ते बरं.

सरांनी विचारलं, "वडील कुठे शिकवतात?"

"वाशी मार्केटात माथाडी आहेत, सर."

मग सरांनी तो प्रश्न टाकला. "चार बोटं चांगली, मान्य. पण मग चारच का? सहा का नाही? जाड थर तर आणखी चांगला असायला हवा."

पोरीनं खडू फिरवला बोटात. म्हणाली, "सर, सहा मी मोजलेलं नाही. अंदाज सांगू शकते, पण आकडा नाही."

सर वहीत काहीतरी लिहायला लागले. वाटलं, गेली नोकरी. आता ही परत पासलीला, अन् तू बी परत वाशीला, तसाच.

अन् मागनं आवाज आला.

"सहाला आग गुदमरती, साहेब. अर्धा पाला कच्चा राहतो. म्या केलंय."

सगळे वळले. म्या सोडून. सर म्हणाले, "आपण?" तू उभा राहिलास. बाक सरकला वाटतं, आवाज आला. म्हणालास, "मीच तो माथाडी."

धनश्रीच्या हातातला खडू मोडला. अर्धा खाली पडला. पण ती रडली न्हाई. मास्तरणीसारखी उभी राहिली अन् म्हणाली, "बाबा, राब किती वेळानं विझला? अन् पाला ओला होता का वाळका?" अन् तू तिथनंच सांगायला लागलास, वाळका व्हता, दुपारी पेटवला, दिवे लागायच्या आत विझला. ती फळ्यावर लिहित गेली. चार बोटांच्या रेघेपुढं तिनं सहाची रेघ काढली, खाली उतरणारी. सर खुर्चीत पुढं सरकले, तुला आणखी तीन प्रश्न विचारले. कुठल्या बाजूनं पेटवला, वारा किती, माती कुठली. तू सगळ्यांची उत्तरं दिलीस. पोरं एकदम "आऽऽ" म्हणाली. व्हय, तेच. तुझ्यासाठी म्हणाली.

तास संपला तवा सरांनी तिला हात जोडले अन् तुला बी जोडले. सुलक्षणा मॅडमनी पेढे आधीच आणून ठेवले व्हते कपाटात. बाई हुशार. काल हुकूम आला. पक्की झाली. पप्पूला म्या सकाळीच वाचून दाखवला, शिक्क्यासकट. त्यानं विचारलं, "पुढच्या वर्साला माझ्या राबात सळया लावील का ती?" म्या म्हणाले, अर्ज कर.

तू अन् पोरगी चाफ्याखाली काय बोललात ते म्या विचारणार न्हाई. लांबनं बघितलं, ती बोलत व्हती अन् तू मान हलवत व्हतास. मग तू बोलायला लागलास अन् तिची मान हलायला लागली. त्या दोघांत मला जागा न्हवती, म्हणून म्या पेढे खात बसले. चार खाल्ले. तू घाईनं पुण्याची एसटी धरलीस, माझ्याशी बोलायला येळ मिळाला न्हाई. म्हणून हा कागद.

आता एक विचारते. सहा बोटं तू केलीस कवा? माझ्या राबात?

घरी येताना एसटीत म्या हिशेब लावला. माझी बहीण ठकुबाई, तिच्या बाळंतपणाला म्या माहेरी गेले व्हते, तुझ्या चार बोटांच्या आदल्या वर्सी. परत आले तर राब अर्धा कच्चा, टहाळं न जळता तशीच. तू म्हणालास, "पप्पूनं त्यावर पाणी टाकलं, आई." अन् म्या पप्पूच्या आईशी तीन वर्सं बोलले न्हाई. एका विहिरीवर, एका बांधावर, तीन वर्सं. ती बिचारी मरायच्या आधी म्हणाली व्हती, "बना, आमच्या पप्पूनं न्हाई गं केलं." म्या मान फिरवली.

म्हंजे पाहुण्यांचं म्या लपवलं, राबाचं तू लपवलंस. दोघांच्या तोंडाला कुलूप अन् मार दुसऱ्यांनी खाल्ला. माझंच पोर शोभतोस.

पप्पूला जाऊन म्या सांगणार हाय. तुझ्या नावानं. म्हणंल काय ते म्हणू दे. तू त्याला फोन कर. तो उचलील, तुझ्यासारखा न्हाई तो.

अन् पुढच्या एप्रिलात सुट्टी घे. राब तूच पेटवायचा, तुझ्या हातानं, अख्खा, चार बोटं. धनश्री सळया लावील. म्या बांधावर बसून बघणार. पाय घरात ठेवून येईन म्हण हवं तर. तोंड मात्र बरोबर आणीन.

तुझी आई,
बनाबाई